१७७६ बीटलला वेबर ४८ आयडीए – रोजच्या वापराला झेपतील का?

ढोल्या६७ :

नमस्कार मंडळी. सान होजेला राहतो, दोन वर्षांपूर्वी ६७ ची फोक्सवॅगन बीटल घेतली. मूळचं १५०० सीसीचं इंजिन कधीच गेलंय, आधीच्या मालकाने १७७६ बसवलंय, म्हणजे ९०.५ मिलिमीटरचे पिस्टन आणि क्रँक मूळचाच, ६९ चा. कॅम एंगल कंपनीचा डब्ल्यू ११०, हेड ४० बाय ३५.५ व्हॉल्व्हची. आणि एवढा सगळा खर्च करून वर काय तर एकच ३४ पिक्ट कार्ब (कार्ब्युरेटर, हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देतो तो), पैलवानाला स्ट्रॉने ताक पाजल्यासारखं. चार हजार आरपीएमला गाडीचा दम जातो, नुसता आवाज वाढतो.

तर झालं असं की पोमोनाच्या स्वॅप मीटला (जुन्या पार्टच्या बाजाराला) गेलो होतो, रात्री निघून साडेतीनशे मैल गाडी हाणत पहाटे पोचलो (बीटल नाही, बायकोची कॅमरी), आणि तिथे एका आजोबांच्या ताडपत्रीवर वेबर ४८ आयडीए कार्बची जोडी दिसली. जुने, इटलीत बनलेले. खाली मॅनिफोल्ड (कार्ब इंजिनला जोडणारे पाइप) पण होते. आकडा लिहीत नाही कारण घरातलं माणूस कधीकधी हे वाचतं.

आता प्रश्न. शनिवारी हायवे १७ ने सांताक्रूझला जायचं आणि आठवड्यातून दोनदा ऑफिस, म्हणजे हायवे ८८० चं ट्रॅफिक, सरकत सरकत. जो तो सांगतो की आयडीए हे ड्रॅग रेसचे कार्ब, रस्त्यावर गाडी हुंदके देते, विकून टाक आणि वेबरचेच छोटे ४० आयडीएफ घे. पण दिसतात काय राव ते! मागचं झाकण उघडलं की दोन्हीकडे दोन दोन उंच पाइप. खरंच रस्त्यावर चालत नाहीत का, की लोकांना ट्यून करता येत नाही म्हणून बोलतात? स्मॉग चेकची (धुराच्या तपासणीची) भानगड नाही, ७५ पर्यंतच्या गाड्यांना कॅलिफोर्नियात ती माफ आहे.


खंबाटकी_थर्ड_गिअर :

विकून टाका. झालं उत्तर 😄

गंमत सोडा, पण मी पुण्यात जुळ्या कार्बवर बीटल चालवलीये, तेही ४० आयडीएफ वर जे तुमच्या आयडीए पेक्षा गरीब गाय. मेव्हण्याने अमेरिकेहून येताना बॅगेत आणले होते, कपड्यात गुंडाळून. पहिले दोन महिने स्वर्ग. मग एकदा महाबळेश्वरहून येताना वाईच्या अलीकडे एक सिलिंडर गायब, गाडी फट फट करायला लागली, सायलेन्सरमधून फटाके, मुलं मागे खूश. आयडल जेट, म्हणजे पाय न दाबता इंजिन चालतं तेव्हाचं पेट्रोल ज्यातून येतं ते, चोंदलेलं. जेट म्हणजे केवढं तर नंबर ५५, याचा अर्थ भोक ०.५५ मिलिमीटर, त्यात दाढीच्या केसाएवढा कचरा गेला तरी बास. स्क्रू ड्रायव्हरने काढलं, तोंडाने फुंकलं, लावलं, गाडी चालू. पुढच्या घाटात तेच, या वेळी दुसऱ्या बाजूचं.

घरी येऊन कार्बचे बाऊल (पेट्रोल साठतं ते) उघडले तर तळाला करडा गाळ, जेलीसारखा. गाडी पावसाळाभर उभी होती आणि हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. वरून इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो त्यामुळे त्याच जेटवर मिक्श्चर लीन होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त). आपलं इंजिन हवेवर थंड होणारं, लीन चाललं की हेड तापतं, आणि सगळ्यात आधी मरतो तो तीन नंबर सिलिंडर, कारण जुन्या फॅन हाउसिंगमध्ये ऑइल कूलर त्याच्याच वाटेत उभा असतो, त्याला येते ती आधीच गरम झालेली हवा. तुमच्या ६७ ला पण तसंच असणार.

मी परत सिंगल कार्ब लावला. पिकअप गेला पण झोप आली.


संत्रावाले_काका :

मी नागपूरचा, राहतो ऑरेंज काउंटीत, म्हणजे संत्र्यातून उठलो आणि संत्र्यातच येऊन पडलो. या भागात ८० च्या दशकापासून आहे. ज्या कॅल लूक बीटलचे फोटो तुम्ही लोक बघून राहिले ना, बंपर काढलेले, पुढून खाली बसलेली, मागे ४८ आयडीए, ती सगळी फॅशन साठ-सत्तरच्या दशकात इथल्याच पोरांनी काढली. ड्रॅग स्ट्रिपवर जे जिंकतं ते रस्त्यावरच्या गाडीला लावायचं, एवढाच विचार. मुळात हे कार्ब बीटलसाठी नव्हतेच, शेल्बीच्या कोब्रांच्या फोर्ड व्ही८ वर चार चार लागायचे. बीटलवाल्यांनी उचलले कारण एका कार्बला दोन नळ्या, एका बाजूला दोन सिलिंडर, हिशोब जमला.

आता मुद्द्याचं. लोक म्हणतात "हुंदके देते", खरं आहे, पण का देते ते कोणी सांगत नाही.

बटरफ्लाय (नळीतली हवेची झडप) बंद असताना इंजिनला पेट्रोल मिळतं आयडल जेटमधून, मिक्श्चर स्क्रूच्या भोकातून. पाय थोडा दाबला की बटरफ्लायची कड वर सरकते आणि नळीच्या भिंतीत बारीक भोकं असतात, ती एकेक करून उघडी पडतात, त्यांना प्रोग्रेशन होल म्हणतात. पेट्रोल त्याच आयडल जेटचं, फक्त दारं वाढत जातात. मेन जेट यात कुठेच नसतो. तो जागा होतो वेंचुरीतून (नळीच्या अरुंद भागातून) हवा पुरेशी जोरात वाहायला लागली की, त्याच्या आधी नाही. आता ४८ आयडीए मध्ये कंपनीची वेंचुरी ३७ ची आणि प्रोग्रेशनची भोकं दोनच. ४० आयडीएफ मध्ये वेंचुरी २८ ची आणि भोकं जास्त. ३७ आणि २८ चं क्षेत्रफळ काढून पहा, जवळपास पावणेदोन पट. म्हणजे तेवढीच हवा आयडीए मध्ये आरामात टहलत जाते, मेन जेटला ओढच बसत नाही. दोन भोकं संपली, मेन अजून झोपलेला, मधल्या खड्ड्यात इंजिनला मिळते नुसती हवा. तो तुमचा हुंदका. साधारण दोन ते तीन हजार आरपीएमच्या पट्ट्यात, हलक्या पायावर. रेसवाल्याला हे कधी कळतच नाही कारण त्याचा पाय एक तर वर नाही तर पत्र्याला टेकलेला.

आणि तुझी ६७ टॉप गिअरमध्ये ताशी ६० मैलांवर तीन हजारांच्या आसपासच फिरते! म्हणजे आख्खा फ्रीवे तू त्या खड्ड्यात चालवणार.

यावर उपाय जुना आहे, नळीत तिसरं भोक पाडतात. ज्याला येतं त्याच्याकडूनच, कारण जागा आणि माप केसभर चुकलं तर कार्ब कायमचा गेला. तिसरं भोक, बरोबर आयडल जेट, आणि फ्लोटची (बाऊलमध्ये तरंगतो त्याची) उंची नीट असेल तर आयडीए वर माणूस भाजी आणायला जाऊ शकतो. मी जातो.

तर बावा, आधी टॉर्च घे, बटरफ्लाय हाताने पूर्ण उघड आणि चारही नळ्यांत भोकं मोज. एवढ्या वर्षांत कोणीतरी पाडून ठेवलेली असू शकतात. मग बोलू.

आणि १७७६ ला ४८ मोठेच पडतात, हे पण खरं सांगून ठेवतो. दोन लिटरच्या वर त्यांची मजा. पण आता घेतलेच आहेत तर काय.


नऊशेबारा_स्टुटगार्ट :

काकांचं प्रोग्रेशनचं स्पष्टीकरण सेव्ह करून ठेवलं, मला चार वर्षांत एवढं साधं कोणी सांगितलं नव्हतं.

माझ्याकडे बीटल नाही, पोर्शे ९१२ आहे, ६८ ची. तेच फ्लॅट फोर, एअर कूल्ड, १५८२ सीसी, ९० हॉर्सपॉवर. वर मूळचे सोलेक्स ४० पीआयआय-४. यांचं दुखणं वेगळं. थ्रॉटलचा शाफ्ट बॉडीतच फिरतो, बॉल बेअरिंग नाही, त्यामुळे पन्नास वर्षांत भोक अंडाकृती होतं आणि तिथून हवा आत शिरते. मग कितीही जेट बदला, कितीही सिंक करा (दोन्ही कार्ब सारखे करा), आयडल कधी ९०० कधी १३००, गाडीला जणू मूड स्विंग. मी पहिलं वर्ष त्यात घालवलं. एक्स्पर्ट म्हणवणाऱ्या एका गॅरेजने तीन वेळा ट्यूनिंगचे पैसे घेतले पण शाफ्ट धरून हलवून पाहिला नाही. शेवटी मीच बोटात धरून वरखाली केला तर टक टक वाजला! बॉडीत बुश बसवून घेतले, तेव्हापासून शांत.

वेबर आयडीए ला शाफ्टला बॉल बेअरिंग असतात त्यामुळे ते बरे, पण ताडपत्रीवरचा माल आहे, तेव्हा हलवून बघाच. गाडीवर लावल्यावर इंजिन चालू असताना शाफ्टच्या टोकाशी थोडा कार्ब क्लीनर मारा, आरपीएम बदलला तर हवा ओढतोय. (इंजिन गार असताना मारा, आणि थोडाच.)

इथे बरेच जण ९१२ चे सोलेक्स काढून वेबर ४० आयडीएफ लावतात. मी नाही लावले कारण माझी गाडी एच नंबर प्लेटवर (जर्मनीत जुन्या गाड्यांना मिळते ती) आहे, तीस वर्षांवरच्या गाडीला वर्षाला १९१.७३ युरो एवढाच टॅक्स, पण तपासणीवाला बघतो की बदल त्या काळात होत होते का. वेबर त्या काळातलेच म्हणून बहुतेक पास होतं म्हणा, पण कोण वाद घालणार जर्मन माणसाशी कागदावरून.

विकू नका. एवढंच. सोलेक्स लोकांनी फेकून दिले तेव्हा, आता तेच शोधत फिरतात.


ढोल्या६७ :

काका, मोजली.

डावा कार्ब : दोन्ही नळ्यांत तीन तीन भोकं!!
उजवा कार्ब : दोन. दोन.

तीन वेळा मोजलं, मुलीला पण मोजायला लावलं, तिने पण तेच सांगितलं. म्हणजे ही जोडी जोडी नाहीच, दोन वेगवेगळ्या घरच्या बायका एका फोटोत बसवल्यासारखं झालंय. आजोबांनी "मॅच्ड पेअर" म्हणून दिले होते, आणि मी पण त्यांना विचारलं नाही, पहाटे साडेपाचला थंडीत कोण नळीत टॉर्च मारतं.

शाफ्ट दोन्हींचे घट्ट आहेत, हलत नाहीत. आता शेजाऱ्याकडून बारीक ड्रिल आणलंय, डाव्यावर माप घेऊन उजव्यावर पाडू का? व्हिडिओत सोपं दिसतं.


संत्रावाले_काका :

नको!!! हात लावू नको. ड्रिल ठेव बाजूला.

अरे डाव्यावरचं माप घेशील कशाने, फूटपट्टीने? ते भोक आतल्या आयडलच्या वाटेतच जाऊन मिळायला पाहिजे, बटरफ्लायच्या कडेपासूनचं अंतर चारही नळ्यांत सारखं पाहिजे, आणि डाव्यावर ज्याने पाडलं त्याने तरी बरोबर पाडलं कशावरून? दोन्ही कार्ब एकत्र एकाच माणसाकडे पाठव, जो फिक्श्चरमध्ये धरून करतो. तो डावा पण तपासेल. दोन्ही बाजूंना वेगवेगळी भोकं ठेवून चालवलं तर एका बाजूचे दोन सिलिंडर दोन हजारला झोपतील आणि दुसऱ्या बाजूचे ओढतील, इंजिन लंगडी घालेल.

ते कार्ब परत येईपर्यंत रिकामा बसू नको, बाकीची कामं कर, ही कार्बपेक्षा जास्त महत्त्वाची आहेत.

व्हॉल्व्हची फट गार इंजिनवर ०.१५ मिलिमीटरला सेट कर. मग टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडते ते. तुझा डिस्ट्रिब्युटर ००९ असेल (आधीच्या मालकाचं एकंदर पाहता असणारच), त्याला व्हॅक्यूम नसतो, आरपीएमवरच ऍडव्हान्स होतो (ठिणगी लवकर पडते). पूर्ण ऍडव्हान्स स्ट्रोब लावून बघ, २८ ते ३२ डिग्रीच्या मध्ये राहू दे. निम्मे लोक टायमिंगचा दोष कार्बवर ढकलतात आणि जेट विकत घेत बसतात.

मग पेट्रोलचं प्रेशर. वेबरला साडेतीन पीएसआय च्या वर नको, तीन झालं तरी बास. आजकाल मिळणारे नवीन मेकॅनिकल पंप बरेचदा जास्त फेकतात, फ्लोटची सुई दाबून पेट्रोल वर येतं आणि नळीत सांडतं. गेज लावून मोज, जास्त असेल तर पंपाखाली एकदोन गॅस्केट वाढव नाही तर रेग्युलेटर लाव.

आणि फ्युएल फिल्टर इंजिनच्या खोलीत लटकत असेल तर आजच काढ, गिअरबॉक्सकडे पंपाच्या आधी घे. ते वजन रबरी नळीवर लोंबतं, नळी सुटते, पेट्रोल थेट डिस्ट्रिब्युटरवर. बीटलचं क्रँककेस मॅग्नेशियमचं असतं, एकदा पेटलं की पाणी मारून विझत नाही, उलट भडकतं. माझ्या समोर एक गाडी गेली आहे पार्किंगमध्ये, वीस मिनिटांत खाली पांढरी राख. मालक हातात गार्डन होज घेऊन उभा.


खंबाटकी_थर्ड_गिअर :

फिल्टरचं काकांनी सांगितलं ते १०० टक्के. माझ्या गाडीची नळी जुन्या पद्धतीची, वरून कापडाची वीण असलेली, बाहेरून ठणठणीत दिसायची आणि वाकवली की आतून तडकलेली. इथेनॉलवाल्या पेट्रोलला चालणाऱ्या नळ्या वेगळ्या मिळतात त्या घ्या, आणि क्लिपा बदला.

बाकी मी अजूनही विका गटात 😄 पण एक विचारतो काका, सिंक कसं टिकवायचं? माझं दर महिन्याला हलायचं. सकाळी बरोबर, दुपारी कोथरूडच्या सिग्नलला आयडल १५००.


संत्रावाले_काका :

लिंकेज, म्हणजे दोन्ही कार्बना जोडणारा दांडा वगैरे. दहापैकी आठ वेळा लिंकेज. इंजिन तापलं की रुंद होतं, दोन्ही हेडमधलं अंतर वाढतं, आणि तुझा मधला दांडा आहे तेवढाच राहतो, मग तो एका कार्बला ओढून धरतो. स्वस्त दांड्यांच्या टोकाला ढिले जॉइंट असतात ते वेगळंच. दांडा असा लाव की गार असताना हाताला अगदी कणभर खेळ लागला पाहिजे आणि तापल्यावर तो खेळ संपला पाहिजे.

सिंक करताना आधी दांडा पूर्ण सोडायचा. इंजिन गरम पाहिजे, दहा मिनिटं चालवून आणलेलं. मग सिंक्रोमीटर एकेका नळीवर टेकवून हवा मोजायची, आधी दोन्ही बाजू आयडल स्क्रूने सारख्या करायच्या, ९०० ते १००० वर आणायचं. मग मिक्श्चर स्क्रू एकेक करून आत घ्यायचा, इंजिन पडायला लागलं की परत बाहेर, जिथे सगळ्यात स्वच्छ चालतं तिथे सोडायचा. कानाने कळतं. नाही कळलं तर एकेका प्लगची वायर काढून बघ कोण काम करून राहिलं आणि कोण नुसतं बसलंय (इन्सुलेटेड पकडीने काढ, मी एकदा हाताने काढली होती).

आणि एक बारीक गोष्ट जी लोक चुकतात. आयडल स्क्रू बटरफ्लायला टेकल्यानंतर अर्ध्या आट्याच्या वर आत जायला लागला तर थांब. म्हणजे आयडललाच बटरफ्लाय इतका उघडलाय की पहिलं प्रोग्रेशन होल आधीच वापरून झालं. मग सिग्नलला मस्त चालेल आणि पाय ठेवला की हुंदका. अशा वेळी स्क्रू नाही, आयडल जेट एक नंबर वाढवायचा.

ढोल्या, मेन जेटचं विचारशील म्हणून सांगतो, सुरुवातीला वेंचुरीला चारने गुणायचं. ३७ चोक १४८, म्हणजे १४५ किंवा १५० ने सुरू कर. आणि खंबाटकी, तुझ्या मेव्हण्याच्या आयडीएफ ला २८ चोक ११२, म्हणून ११५. तिथून प्लगचा रंग बघत वरखाली.


नऊशेबारा_स्टुटगार्ट :

चोक शब्दावरून आठवलं. वेंचुरीला पण लोक चोक म्हणतात म्हणून गोंधळ होतो, पण थंडीत ओढायचा चोक आयडीए ला नसतोच. सान होजेला काय फरक पडत नाही म्हणा. चावी फिरवायच्या आधी पेडल तीनचार वेळा पूर्ण दाबायचं, कार्बमधला पंप पेट्रोल आत फेकतो, मग स्टार्ट, मग दोन मिनिटं पाय हलका ठेवून बसायचं आणि शेजाऱ्यांकडे बघायचं नाही. माझी इथे जानेवारीत आख्ख्या गल्लीला उठवते.

आणि गॅरेज घराला लागून असेल तर पेट्रोलचा वास येणार, बाऊल उघड्यावर श्वास घेतात. घरात आधीच कल्पना देऊन ठेवा.


ढोल्या६७ :

अपडेट. दोन्ही कार्ब पॅक करून पाठवले, काकांनी खाजगीत ज्यांचा पत्ता दिला त्यांच्याकडे. ते म्हणाले डाव्याचं तिसरं भोक ठीक आहे असं फोटोवरून वाटतंय पण हातात आल्यावर सांगतो. सहा आठवडे लागतील, रांग आहे.

दरम्यान बाकी सगळं केलं. व्हॉल्व्ह : तीन नंबरचा एक्झॉस्ट अगदी घट्ट होता, फीलर (फट मोजायची पट्टी) जातच नव्हता, बाकी ठीक. तीन नंबर नीट बघायला पाहिजे हे वर वाचलं नसतं तर सोडून दिलं असतं. डिस्ट्रिब्युटर ००९ च निघाला, टायमिंग ३८ ला होतं!! ३० वर आणलं. फिल्टर बरोबर काका म्हणाले तिथेच लटकत होता, पंप आणि कार्बच्या मध्ये, प्लास्टिकचा. काढताना नळी हातातच आली, ओढायला सुद्धा लागली नाही. ती नळी टेबलवर ठेवलीये, अजून बघतो अधूनमधून.

पंपाचं प्रेशर पावणेपाच. गॅस्केट मागवलीत.

आणि गंमत म्हणजे एवढ्यावरच, त्याच ३४ पिक्ट वर, काल १७ चा घाट तिसऱ्यात चढली, आधी दुसऱ्यात जायची. वरती सांताक्रूझच्या बाजूला उतरायला लागलो तेव्हा बायको म्हणाली झाली ना नीट, मग ते दुसरे कशाला पाहिजेत. मी काही बोललो नाही.

ड्रिल शेजाऱ्याला परत दिलं.